पाचवीला पुजलेलं

गणित माझ्या पाचवीलाच पुजलेलं,
असं आई म्हणायची. म्हणजे त्याची भीती.
भोरच्या शाळेत, योगायोगानं पाचवीतच,
लोणकर गुरुजींनी विचारलं, चौदा सक किती,
आणि मी खिडकीतून दिसणाऱ्या शेळीचे पाय मोजत राहिले.
चार होते. तेवढंच आलं.

पुढे आर्ट्स. मग लग्न, मग मुलं, मग
एकेचाळिसाव्या वर्षी एम. ए., मानसशास्त्र,
कारण सगळे म्हणायचे, हेमांगीला माणसं कळतात.
फॉर्मवर कुठं लिहिलं नव्हतं
की मनाकडे जाणाऱ्या रस्त्यावरही
खेड शिवापूरसारखा टोलनाका आहे:
पेपर तिसरा, संख्याशास्त्र.

शब्द सगळे ओळखीचे निघाले, हीच फसवणूक.
नमुना म्हणजे आमचे धाकटे दीर.
विचलित तर मी रोजच होते.
आणि सार्थकता, तिचा तक्ता शेवटच्या पानावर.
जन्माचं सार्थक इतकं बारीक छापलेलं
मी कधी पाहिलं नव्हतं.
चष्म्याचा नंबर वाढवून आले.

सदाशिव पेठेतली अभ्यासिका, अकरा ते तीन,
महिना नऊशे, पंख्याखालची जागा शंभर जास्त.
शेजारी गेवराईचा विश्वंभर,
राज्यसेवेचा चौथा प्रयत्न.
तो म्हणाला, ताई, पुस्तकातले आकडे घेऊ नका,
स्वतःचे घ्या.
तुमची बस किती उशिरा येते?

वारज्याची बस पाच दिवस लिहून ठेवली
किराण्याच्या यादीमागे:
तीन मिनिटं, पाच, आठ, दहा, चोवीस.
सरासरी दहा.
आता प्रत्येकातून दहा वजा करा, तो म्हणाला.
केले. बेरीज आली शून्य.
परत केली, बोटांवर केली, शून्य.
वाटलं, झालं, आले लोणकर गुरुजी.
"बरोबर आहे की. ती शून्यच येते, कायम.
म्हणून तर वर्ग करायचा."
आयुष्यात पहिल्यांदा
माझं शून्य बरोबर आलं होतं.

वर्गांची बेरीज दोनशे चौऱ्याहत्तर.
आता भागा.
पाचानं?
नाही, चारानं.
अहो, पाच दिवस उभी होते मी,
त्या चोवीस मिनिटांत तर
उसाच्या रसाचे दोन ग्लास झाले!
एक दिवस गेला कुठं?
"स्वाधीनता मात्रा," असं म्हणून तो चहाला उठला.
"ते पाठच करून टाका, ताई. मीही तेच केलंय."

पाठ होईना.

शनिवारी रात्री कणीक तिंबत होते,
मागून उद्याच्या वेळा ऐकू येत होत्या.
सासऱ्यांची फिजिओथेरपी साडेनऊला.
ह्यांची मॅच, तळजाईला, साडेसातपासून.
गार्गीचा क्लास. मल्हारची नाटकाची तालीम,
डबा हवा, भाजी कोरडी हवी.
चौघांनी चार वेळा सांगितल्या.
पाचवीला कोणी विचारलं नाही.
विचारायची गरजच नव्हती,
चार ठरल्या की पाचवी आपोआप ठरते.

हात कणकेत तसेच राहिले.
अगं बाई. हेच का ते?
हे तर मी सतरा वर्षं तोंडपाठ जगतेय.

उशिरा, ओट्यावर वही ठेवून, पुन्हा वाचलं:
बेरीज आधीच ठरलेली असेल
तरच शेवटचा आकडा बांधलेला असतो.
तरच.
त्याखाली दोनदा रेघ मारली.
आमच्या घराची बेरीज कोणी ठरवली होती?
मुद्दाम बसून कोणी ठरवली असेल, असं नाही वाटत.
विश्वंभरसारखी पाठ करून टाकली असेल
सगळ्यांनी. मीसुद्धा.

दोनशे चौऱ्याहत्तर भागिले चार.
वर्गमूळ कॅल्क्युलेटरवर काढलं,
आठ पूर्णांक दोन आठ. लाज नाही वाटली.

रविवारी नवाच्या सुमाराला पायात चपला घातल्या.
"अगं, मग बाबांची फिजिओथेरपी?"
उत्तर मलाही येत नव्हतं.
म्हटलं, हे गणित तुम्ही चौघं सोडवा.

स्टॉपवर सावली नव्हती.
यादीमागे सहाव्या आकड्यापुरती जागा होती.
पेन काढून ठेवलं.
बस अजून दिसत नव्हती.